पहिल्या दिवशी दिलेलं मत

इंदू,

तुझी तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीची नवी नोटीस आली. पाकीट जाड होतं, त्यामुळे आत काय असणार ते उघडायच्या आधीच कळलं. तोच ठराव, चार शब्द बदलून. एरवी असं पाकीट आलं की मी तुला फोन करायचे आणि तू दुपारच्या बसनं पुसदला यायचीस. चप्पल काढता काढता दारातूनच विचारायचीस, "काय म्हणून राह्यले आता थे लोकं?" या वेळी मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले.

तुला एक सांगायचं राहिलं. तू ज्या ठरावाविरुद्ध थंडीत गावोगाव फिरलीस, त्या ठरावाच्या बाजूनं मी मत दिलं होतं. तू गेलीस तेव्हाही तुला ते माहीत नव्हतं.

हे मी माझ्या नातवंडांसाठी, आर्या आणि निहार यांच्यासाठी लिहून ठेवते आहे. त्यांना तू, माझी धाकटी जाऊ, फक्त धाकटी आजी म्हणून माहीत आहेस, व्हिडिओवर म्हैस दाखवणारी. त्यामुळे तुला पाठ असलेलं काही त्यांच्यासाठी पुन्हा सांगावं लागेल. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

पुसदच्या बाहेर आपल्या कंपनीचं जिनिंग आहे. तिथं कापसातली सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. मोठ्या शेठजींनी ते उभं केलं तेव्हा भांडवलासाठी ते घरोघर हिंडले. आपल्या सासऱ्यांनी शेअर घेतले. तुझ्या शेताला लागून असलेल्या तांड्यावरच्या बंजारा गाडीवानांनी गाठी वाहिल्या आणि भाड्याच्या काही भागात शेअर घेतले. पुढे कंपनी शेअर बाजारात गेली, मुंबईची माणसं तिचे शेअर घेऊ-विकू लागली, पण आपल्याकडचे कागद ट्रंकांत आणि धान्याच्या कोठ्यांत तसेच पडून राहिले. आणि एक रीत पडली. हंगामात फाटकावर कितीही मोठी रांग असो, भागधारकाची गाडी आधी खाली व्हायची. तांड्यावर शेअरला कोणी शेअर म्हणत नाही, नंबर म्हणतात. "आमचा नंबर हाये जिनिंगात."

त्यावरून तुझं-माझं भांडण किती वर्षं चाललं. मी म्हणायचे, हा हक्क नाही, ही शेठजींची मेहेरबानी आहे. कायद्यात कुठेही गाडीचा उल्लेख नाही. कायद्यानं भागधारकाला नोटीस मिळते, सभेत बसता येतं, प्रश्न विचारता येतो, मत देता येतं, नफा वाटला तर लाभांश मिळतो. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ताई, तुमच्या त्या हक्कानं माह्या कापसाची गाडी एक दिवस तरी आधी खाली झाली काय?" मी, कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, पुन्हा तेच कलम वाचून दाखवायचे.

मग गेल्या हिवाळ्यात पहिली नोटीस आली. कंपनीला नवे शेअर काढायचे होते आणि ते सगळ्यांना न देता दोघांनाच द्यायचे होते: शेठजींच्या घराण्याला आणि वणीकडच्या, कोळशाच्या वाहतुकीतल्या एका मोठ्या माणसाला. असा ठराव साध्या बहुमतानं होत नाही. बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट लागतात. इथल्या जुन्या लोकांकडे सगळे मिळून पाव हिश्श्याहून थोडे जास्त शेअर आहेत. म्हणजे सगळे एकत्र आले तर असा कोणताही ठराव अडवू शकतात.

मी तुला हे माझ्या स्वयंपाकघरात समजावत होते आणि तू तूर निवडत होतीस.

"म्हणजे माहे शेअर कमी करून राह्यले?"

"नाही. तुझे शंभर असतील तर शंभरच राहतील."

"मग त्याहिचे वाढले तर माह्या पोटात कायले दुखाव?"

मी कागदावर आकडे मांडायला घेतले. तू कागद बाजूला सारलास. "थांबा. सातबाऱ्यावर नवीन नावं चढवल्यावानी हाये काय हे? वावर तेवढंच, माहं नाव बी तिथंच, पर हिस्सा बारीक?"

"तसंच."

"आन् पावाच्या खाली गेलो का?"

"मग त्यांनी उद्या जिनिंगची जागा विकायचा ठराव आणला, तर आपल्याला तो अडवता येणार नाही."

तू सुपातला खडा उचलून बाहेर टाकलास. "मंग सांगा ना असं सरळ. इतकं इंग्रजी कायले पाह्यजे?"

तुला पाच मिनिटांत कळलं. मला तर आधीपासून कळलं होतं, आणि म्हणूनच, मला समजलं नाही म्हणून मी बाजूनं मत दिलं असं मी म्हणू शकत नाही. नोटिशीसोबतचं निवेदन मी दोनदा वाचलं होतं. यंत्रं जुनी झाली आहेत हे खरं होतं. बाहेरचं भांडवल आलं तर कंपनी टिकेल, हेही मला खरं वाटलं. सुनीलनं टोरंटोहून फोन केला. "आई, बाजूनंच दे. कर्ज काढण्यापेक्षा हे बरं. भावही वर जाईल." पण मी त्याच्या सांगण्यावरून दिलं नाही. मनातून मला वाटत होतं की गाडीच्या रांगेसाठी अडून बसलेल्या लोकांमुळे एक कंपनी मरू नये. तुझ्या लोकांचा विचार मी असा करत होते.

ऑनलाइन मतदान तीन दिवस चालतं. मी सगळं पहिल्या दिवशी उरकते, तुला माहीत आहे, वीजबिलसुद्धा. सकाळी चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, मोबाइलवर आलेला आकडा भरला आणि 'बाजूने' दाबलं. पडद्यावर सूचना आली की एकदा नोंदवलेलं मत बदलता येणार नाही. मी होकार दिला.

तू आलीस दुपारी. हातात नायलॉनची पिशवी, तिच्यात प्रॉक्सीचे अर्ज. स्वतः सभेला येऊ न शकणाऱ्यांनी आपलं मत दुसऱ्याच्या हाती सोपवायचे कागद. एकेक अर्ज तू शेतात, ओट्यावर, बोअरच्या नळाशी भरून घेतला होतास. महसूल तिकिटावर आडवे अंगठे. तुझं स्वतःचं बोट निळं झालं होतं, कारण प्रत्येकीला आधी तू दाखवायचीस, अंगठा कसा टेकवायचा ते.

एका माणसाला पन्नासांच्या वर लोकांचे अर्ज घेता येत नाहीत, हे मी त्याच दुपारी नियमात पाहिलं. तुझ्या पिशवीत त्याहून जास्त होते. तू कपाळाला हात लावलास. मग म्हणालीस, "झमकीबाईची सून हाये ना, कविता. अंगणवाडीत. तिच्या नावानं करते वरचे." झमकीबाई तांड्यावरची सगळ्यांत जुनी भागधारक. तू फोन लावलास, आणि संध्याकाळच्या आत कविता बसनं येऊन सही करून गेली. बारीक अंगाची, कमी बोलणारी. जाताना अर्जामागचे इंग्रजी नियम तिनं उभ्या उभ्या वाचले.

तू निघताना मला विचारलंस, "तुमचं मत देल्लं काय?"

"दिलं."

"बरं झालं. तुमचं काम नेमी पहिल्या नंबरानं."

कोणत्या बाजूनं, ते तू विचारलं नाहीस. विचारायची गरजच तुला वाटली नाही. मी तुला फाटकापर्यंत सोडायला आले, आणि तू पिशवी छातीशी धरून रिक्षात बसेपर्यंत उभी राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू शिव्या दिल्या असत्यास, आणि मग सभेला मला सोबत नेलं नसतंस. तेवढ्यावर भागलं असतं.

सभा जिनिंगच्या शेडमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पत्र्याला चिकटलेली रुई, समोर टेबलामागे मोठ्या शेठजींचा नातू. सगळे त्याला अजून छोटे शेठ म्हणतात, जरी त्याचे केस पिकलेत. तू पहिल्या रांगेत. ठराव वाचून झाला आणि तू उठलीस. कंपनीच्या सेक्रेटरी असलेल्या मुलीनं हातातली यादी पाहून हळू आवाजात सांगितलं, "काकू, तुम्ही प्रॉक्सी आहात. प्रॉक्सीला मत देता येतं, सभेत बोलता येत नाही."

"म्हणजे हात चालते, तोंड चालत नाई?" तू म्हणालीस. "आतालोक आमच्या घरात उलटं होतं."

शेडमध्ये हशा पिकला. छोटे शेठही हसले. पण तुला बसावं लागलं.

आणि तू प्रॉक्सी का होतीस? भागधारक का नव्हतीस? माझ्यामुळे. भाऊजी गेल्यावर त्यांचे शेअर तुझ्या नावावर करायचं काम माझ्याकडे होतं. घराण्याचे सगळे कागद माझ्याच कपाटात असायचे. माझे शेअर सुनीलनं कधीच संगणकावर नेले होते, भाऊजींची प्रमाणपत्रं तेवढी कागदाची उरली होती. वाळवी लागेल म्हणून मी ती तहसीलसमोरच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. माझं पाहून निम्म्या तांड्यानं आपापली करून घेतली. पुढं तुझा अर्ज पाठवला तेव्हा तो परत आला. प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या प्रमाणपत्रावर शेरा मारता येत नाही, दुय्यम प्रत काढा, प्रतिज्ञापत्र द्या, हमीपत्र द्या. तू ते ऐकून इतकंच म्हणालीस, "ताई, तुमी कागदाले रेनकोट घातला, आता त्याले हात बी लावता येत नाई." पुढची दोन वर्षं तू सगळ्यांना ही गोष्ट हसत सांगितलीस. मी कधी हसले नाही.

तर तू बसलीस, मागे वळलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "ताई, तुमी इचारा. तुमाले बोलता येते."

शेडभर माणसं माझ्याकडे पाहत होती. चार दिवसांपूर्वी बाजूनं मत देऊन मी तिथं आले होते. मी उठले.

"या वाटपानंतर," मी विचारलं, "कारखान्याची जागा विकायचा ठराव आला, तर तो अडवण्याइतकी मतं इथल्या लोकांकडे राहतील का?"

"मॅडम, तशी वेळच येणार नाही," छोटे शेठ म्हणाले. "आमच्या आजोबांनी उभं केलेलं आहे हे."

"मी वेळेबद्दल विचारलं नाही. मतं राहतील का?"

त्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. तिनं कागदाकडे पाहिलं. "राहणार नाहीत," ते म्हणाले.

"आणि जिनिंग इथंच राहील असं आज सभेच्या वृत्तांतात लिहून द्याल?"

"तो निर्णय संचालक मंडळ योग्य वेळी घेईल."

आकड्यांत मला हे माहीत होतं, इंदू. माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ज्या सहजपणे त्यांनी "योग्य वेळी" म्हटलं, त्या सहजपणानं मी हादरले. यंत्रं, भांडवल, भाव, सगळं खरं असेल. पण समोर बसलेल्या दीडशे माणसांना विचारावं लागणार नाही, हीच त्या ठरावातली त्यांना हवी असलेली गोष्ट होती. मी खाली बसले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. तू हात मागे करून माझा गुडघा दाबलास. मतपेटी फिरली. ज्यांनी ऑनलाइन मत दिलं त्यांना पुन्हा देता येत नाही, म्हणून माझ्यापुढून ती तशीच गेली. तू पन्नास जणांच्या वतीनं एकेक मतपत्रिका आत सोडत होतीस, आणि मी माझे दोन्ही हात पर्सवर ठेवून बसले होते.

निकाल दोन दिवसांनी लागला. बाजूची मतं तिपटीला थोडी कमी पडली. ठराव पडला.

तू उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा डबा घेऊन आलीस. शेंगा अजून गरम होत्या. आपण ओट्यावर बसून खाल्ल्या. तू सारखी तेच सांगत होतीस. "तुमी असं इचारलं का थो पाणीच पेला. ताई, तुमच्यामुळं जमलं हे. म्या तांड्यावर सांगतलं, आमची ताई नसती तं आपलं कोनी ऐकलं नसतं."

मी शेंगा सोलत होते. एक शेंग, दुसरी शेंग. मी म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय." एवढंच म्हणाले.

त्यानंतर तू दीड महिना होतीस. त्या दीड महिन्यात तू चारदा आलीस, फोन तर रोज. प्रत्येक वेळी मी ठरवायचे. एकदा मी म्हटलंही, "इंदू, त्या मताचं एक..." आणि तू म्हणालीस, "आता सोडा थे, जिंकलो ना. मले हे सांगा, भाव वाढला असता तर तुमी इकले असते काय?"

"नाही."

"मंग इकाचे नाई तं भाव कायले पाह्यचा?"

आणि विषय तिथंच गेला. मग एका सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. ते मी लिहीत नाही. मुलांना माहीत आहे, आणि मला ते पुन्हा जगायचं नाही.

नवी नोटीस आल्यावर पाचव्या दिवशी तांड्यावरच्या बायका माझ्या घरी आल्या. झमकीबाई, कविता आणि आणखी दोघी. झमकीबाईनं कागदांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "इंदू गेली. आता तूच सांग मास्तरीन, याच्यात काय लिहेल हाये."

मी पिशवी उघडली नाही. मी त्यांना सांगितलं. एका दमात, जसं मी वर्गात निकाल वाचायचे तसं. गेल्या वेळी मी तुमच्या विरोधात मत दिलं होतं. पहिल्या दिवशी, सकाळी. सभेत प्रश्न विचारला तेव्हा ते देऊन झालं होतं.

चहा निवत होता.

"इंदूले माहीत होतं?" झमकीबाईनं विचारलं.

"नाही."

"काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

झमकीबाईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "तिनं आमाले सांगतलं, मास्तरीन आपल्या बाजूनं हाये. म्या इचारलं, पक्कं? थे म्हणे, माही ताई हाये, पक्कं असन नाई तं काय. म्या त्याच्यावर अंगठा देल्ला." मग ती उठली आणि माझ्या मांडीवरून पिशवी उचलली. "कागद कविता वाचन."

त्या गेल्या. चहा कोणी घेतला नव्हता. कप विसळताना मला वाटलं की हे बरोबरच झालं, आणि तरीही मी त्या दिवशी जेवू शकले नाही. तू असतीस तर त्यांना परत बोलावून आणलं असतंस, असंही वाटलं. मग वाटलं की नसतं आणलंस. तुझ्या शब्दावर झमकीबाईनं अंगठा दिला होता. मी फसवलं ते तुला, आणि तुझ्यामार्फत तिला.

तुझी सवय अजून सुटली नाही. भाजी घेताना तुझ्यासाठी वांगी जास्त घेते. तू नियम कधी वाचले नाहीस, पण प्रत्येक माणसाला त्याचं मत त्याच्याच हातानं द्यायला लावलंस. मी नियम सगळे वाचले. या फरकाबद्दल मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि हरायचंही होतं.

पंधरा दिवसांनी कविताचा फोन आला. "मॅडम, सासूबाई म्हणतात, मतदान सुरू होईल त्या दिवशी तांड्यावर या. कॉम्प्युटर घेऊन."

"अर्ज भरायला मदत करायची आहे का?"

"नाही. अर्ज झाले भरून. तुमचं मत तुम्ही इथं येऊन द्यावं, असं त्या म्हणतात."

सुनीलला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मत गुप्त असतं. कोणासमोर द्यायची गरज नाही." त्याचं बरोबर आहे. तो हे वाचेल तेव्हा चिडेल, आणि मुलांनो, तेव्हाही त्याचं बरोबरच असेल. पण मला जायचं होतं.

काल सकाळी मी गेले. झमकीबाईच्या ओट्यावर चटई घातली होती. पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, दोन म्हातारे खाटेवर. तुझं शेत तिथून दिसतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत. मला कोणी पाणी दिलं नाही, मग कवितानं दिलं. मी ओट्याच्या कडेला बसून लॅपटॉप मांडीवर घेतला. रेंज येईना, म्हणून कवितानं आपल्या मोबाइलवरून जोडून दिलं. माझ्या फोनवर आकडा आला, मी भरला. ठराव पडद्यावर आला. माझे शेअर किती, तेही आलं. बायका सरकून जवळ आल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते.

मी 'विरोधात' वर बोट ठेवलं. बदलता येणार नाही, ही सूचना आली. मी होकार दिला.

"झालं?" झमकीबाईनं विचारलं.

"झालं."

ती पुढे वाकली, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाही, कविताकडे पाहिलं. "तू वाच. काय दाबलं तिनं?"

कवितानं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. आधी इंग्रजीत वाचलं, मग त्यांच्या बोलीत सांगितलं, मग माझ्यासाठी मराठीत. झमकीबाईनं तिन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतलं, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर सरकून मला चटईवर जागा करून दिली.